सेंट अँड्र्यूज : गावाच्या मालकीचे गोल्फचे मैदान

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? उंच कुंपण, फाटकावरचा पहारेकरी, आत दूरवर पसरलेली हिरवळ आणि तिच्यावरून पांढरी टोपी घालून चाललेले साहेब. त्यांच्या मागे जड पिशवी खांद्याला लावून चाललेला एक पोरगा. बसच्या खिडकीतून आपण हे सारे पाहतो आणि आपल्या थांब्यावर उतरतो. इंग्रजांनी १८२९ साली कलकत्त्याला गोल्फ क्लब काढला. ब्रिटनच्या बाहेरचा तो जगातला सर्वांत जुना गोल्फ क्लब. तेव्हापासून आपल्याकडे हा खेळ कुंपणाच्या आतच राहिला. आपल्या समाजातला माणूस आत गेला तर बहुधा गवत कापायला किंवा पिशवी उचलायला.

पण ज्या गावाला या खेळाचे माहेरघर म्हणतात, त्या गावात मैदानाला कुंपणच नाही, हे आम्ही पाहून आलो. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नावाचे छोटे गाव आहे. तिथले समुद्राकाठचे 'ओल्ड कोर्स' हे मैदान जगातील सर्वांत नामांकित. तिथे खेळायला मिळावे म्हणून अमेरिका-जपानचे धनिक वर्षानुवर्षे वाट पाहतात. आणि त्याच मैदानावरून आम्ही, एका कार्यालयातला कारकून आणि आमच्या सौ., रविवारी सकाळी हातात डबा घेऊन पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत चालत गेलो. कोणी हटकले नाही, कोणी नाव विचारले नाही. हे कसे काय घडते, याची हकीकत वाचकांना सांगावी म्हणून हा लेख.

जाण्याचे निमित्त

आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी डंडी येथे पीएच.डी.चे काम करते. 'मामा, मी इथे आहे तोवर एकदा येऊन जा,' असे तिचे दोन वर्षांपासून टुमणे होते. पतपेढीचे कर्ज काढले, अठरा दिवसांची रजा मंजूर करून घेतली आणि जून महिन्यात निघालो. डंडी आणि सेंट अँड्र्यूज यांच्यामध्ये टे नदीची खाडी आहे. खाडीवरचा दोन किलोमीटरहून लांब पूल ओलांडून बस अर्ध्या-पाऊण तासात पोहोचते. जून महिन्यात तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. वारा मात्र असा की भर उन्हाळ्यात आम्ही स्वेटर काढला नाही.

गाव लहान, पण इतिहास मोठा. १४१३ साली स्थापन झालेले विद्यापीठ इथे आहे. स्कॉटलंडमधले हे सर्वांत जुने विद्यापीठ. गावाच्या पूर्व टोकाला एका प्रचंड चर्चचे अवशेष उभे आहेत. १३१८ साली राजा रॉबर्ट द ब्रूस याच्या उपस्थितीत त्याचे उद्घाटन झाले होते आणि १५५९ सालच्या धर्मसुधारणेच्या लाटेत त्याची मोडतोड झाली. पश्चिम टोकाला समुद्र, वाळूचा लांबलचक किनारा आणि त्याला लागून गोल्फचे मैदान. 'चॅरिअट्स ऑफ फायर' या १९८१ सालच्या चित्रपटात धावपटू ज्या किनाऱ्यावरून धावतात, तो हाच.

रविवारची सुट्टी

ओल्ड कोर्स रविवारी बंद असते. मोठ्या स्पर्धांचा रविवार सोडला तर या दिवशी इथे कोणी खेळत नाही. मैदान बंद म्हणजे लोकांना मात्र ते पूर्ण खुले. कुत्री फिरवणारी माणसे, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, फुटबॉलशी खेळणारी मुले, काठी टेकत चाललेले म्हातारे, असे सारे गाव त्या हिरवळीवर उतरते. टॉम मॉरिस नावाचा जुना मैदानप्रमुख होता. खेळाडूंना विश्रांती नको असली तरी मैदानाला ती हवी, असे त्याचे मत होते. ते मत गावाने आजवर पाळले आहे.

पहिल्या आणि अठराव्या पट्ट्याच्या मधून चक्क एक सार्वजनिक रस्ता जातो. गावातून समुद्राकडे जायची ही जुनी वाट. सोमवारी खेळ चालू असतानाही आम्ही पाहिले की माणसे या वाटेने जात होती आणि खेळणारे त्यांची जाण्याची वाट पाहत होते. एका फेरीला तीनशे पौंडांहून अधिक शुल्क भरलेला परदेशी पाहुणा काठी हातात धरून थांबला आहे आणि टॉवेल खांद्यावर टाकलेला गावातला पोरगा त्याच्यासमोरून रमतगमत समुद्राकडे चालला आहे! हे दृश्य आम्हा उभयतांना फार आवडले.

कागद आणि ससे

समुद्र मागे हटला की किनारा आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूच्या टेकाडांचा एक पट्टा उरतो. स्कॉटलंडमध्ये त्याला 'लिंक्स' म्हणतात. ही जमीन पिकाच्या कामाची नसते. म्हणून ती गावाच्या सामाईक वापरात राहिली. लोक तिथे मेंढ्या चारीत, ससे धरीत, बायका कपडे धुऊन वाळत घालीत आणि मोकळ्या वेळात माणसे काठीने चेंडू मारीत. आपल्याकडचे गायरानच म्हणा ना!

हा खेळ इतका वाढला की १४५७ साली स्कॉटलंडच्या राजाने गोल्फ आणि फुटबॉल यांवर बंदी घातली. कारण काय, तर लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावतात! बंदी कागदावर राहिली, खेळ चालू राहिला.

महत्त्वाचा कागद मात्र १५५२ सालचा आहे. तिथल्या आर्चबिशपला या जमिनीवर ससे पाळायचे होते. त्या वेळच्या दस्तऐवजात त्याने गावकऱ्यांचा तिथे गोल्फ, फुटबॉल व इतर खेळ खेळण्याचा हक्क मान्य केला. गावच्या माणसांचा हक्क असा लेखी नोंदला गेला. आम्ही आयुष्यभर फायली सांभाळण्याचे काम केले आहे. कागदाची किंमत वेळ आल्यावर कळते, हे आम्हाला कोणी सांगायला नको.

वेळ आली १७९७ साली. गावची नगरपरिषद कर्जबाजारी झाली आणि तिने ही जमीन सशांचा धंदा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती जाऊ दिली. सशांनी मैदानभर बिळे केली. गावकरी आणि गोल्फ खेळणारे चिडले. लोक ससे मारू लागले, व्यापाऱ्यांची माणसे अडवू लागली, प्रकरण कोर्टात गेले. कोर्टाने गावकऱ्यांना ससे पकडण्याची मुभा दिली, व्यापाऱ्यांनी वरच्या कोर्टात धाव घेतली आणि हा वाद लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचला. भांडण वीस वर्षांहून जास्त चालले. अखेर १८२१ साली जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने ती जमीन विकत घेतली आणि मैदान वाचले.

जमीनदार भला होता, तरी जमीन गावाची राहिली नव्हती. १८९३ साली ती पुन्हा विक्रीला निघाली तेव्हा श्रीमंतांच्या 'रॉयल अँड एन्शंट' या क्लबने ती पाच हजार पौंडांना घेतली. गाव पुन्हा जागे झाले. पुढच्याच वर्षी, १८९४ साली, पार्लमेंटने खास कायदा केला आणि जमीन नगरपरिषदेकडे परत आली. क्लबला शेजारी दुसरे मैदान बांधण्याची जबाबदारी मिळाली. ते १८९५ साली तयार झाले. त्याला अजूनही 'न्यू कोर्स', म्हणजे नवे मैदान म्हणतात. सव्वाशे वर्षांच्या वर होऊन गेली, तरी ते नवेच! गावकऱ्यांना खेळ फुकट होता, तो दुसऱ्या महायुद्धापर्यंत. त्यानंतर त्यांच्याकडून थोडी वार्षिक वर्गणी घेऊ लागले.

पुढे नगरपरिषदेची रचना बदलणार म्हणून १९७४ साली आणखी एक कायदा झाला आणि कारभार एका ट्रस्टकडे गेला. आता इथे सात मैदाने आहेत. बाहेरच्या पाहुण्यांकडून मिळणारे पैसे मैदानांच्या देखभालीलाच लागतात, कोणाच्या खिशात नफा म्हणून जात नाहीत. ओल्ड कोर्सवर खेळण्यासाठी रोज चिठ्ठ्या टाकून नावे काढतात. चिठ्ठीत नाव निघाले तर साधा पाहुणाही खेळू शकतो, पैसे मात्र हवेत. ही एक खोच आहेच. गावकरी वर्षाच्या वर्गणीत खेळतो, परदेशी कारकुनाला एका फेरीचे पैसे परवडत नाहीत. त्यामुळे ओल्ड कोर्सवर आम्ही चाललो, खेळलो मात्र दुसऱ्या ठिकाणी. त्याची मजा पुढे सांगतो.

मैदानाची रचना

गोल्फ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ठरलेल्या जागेवरून चेंडू काठीने मारीत न्यायचा आणि सव्वाचार इंच रुंदीच्या भोकात घालायचा. अशी अठरा भोके. ज्याला सर्वांत कमी फटके लागतील तो जिंकला. अठराच का? सेंट अँड्र्यूजमध्ये पूर्वी एका फेरीत बावीस होत असत. १७६४ साली पहिल्या चार आखूड पट्ट्यांचे दोन केले. ते जाताना आणि येताना असे दोनदा खेळले जात, म्हणून एकूण चार कमी होऊन अठरा राहिले. पुढे साऱ्या जगाने हाच आकडा उचलला.

ओल्ड कोर्स कोणा एका माणसाने आखलेले नाही. मेंढ्यांनी, सशांनी, वाऱ्याने आणि लोकांच्या पायांनी ते घडले. मैदानात शंभरावर वाळूचे खड्डे आहेत. त्यांना बंकर म्हणतात. वाऱ्यापासून आडोसा घेण्यासाठी मेंढ्या जिथे अंग घासून बसत, तिथे हे खड्डे पडले असे गावात सांगतात. चौदाव्या पट्ट्यावरच्या खड्ड्याचे नाव 'हेल', म्हणजे नरक. आमच्या सौ. त्याच्या काठावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'यात उतरले तर वर यायला शिडी लागेल.' खड्डा माणसाच्या उंचीहून खोल आहे, त्यामुळे त्यांचे म्हणणे खरेच होते. १९७८ सालच्या ब्रिटिश ओपनमध्ये नाकाजिमा नावाचा जपानी खेळाडू आघाडीच्या जवळ होता. सतराव्या पट्ट्यावरच्या खड्ड्यात त्याचा चेंडू पडला. तिथून बाहेर निघेपर्यंत इतके फटके गेले की त्या एका भोकाला त्याचे नऊ झाले. गावाने तेव्हापासून त्या वाळूला त्याचेच नाव ठेवले.

जाण्याचे नऊ आणि येण्याचे नऊ पट्टे एकमेकांना लागून असल्यामुळे भोकांभोवतीची हिरवळ दोघांत एक अशी आहे. दुसऱ्याची हिरवळ सोळाव्याशी जोडलेली, तिसऱ्याची पंधराव्याशी, चौथ्याची चौदाव्याशी. आम्ही वहीत आकडे मांडले. प्रत्येक जोडीची बेरीज अठराच येते! जाताना पांढरे निशाण, येताना लाल निशाण. रोजकीर्द आणि खतावणी जुळल्यासारखे आम्हाला समाधान वाटले. पहिला, नववा, सतरावा आणि अठरावा हे चार मात्र एकटे.

पट्ट्यांची नावेही गंमतीची आहेत. चौथ्याचे नाव 'जिंजर बिअर'. जुन्या काळी तिथे एक म्हातारा हातगाडीवर आल्याचे पेय विकत बसे. राजे आले, सरदार आले, जगज्जेते आले, पण मैदानाच्या नकाशावर गाडीवाल्याचा धंदा कायमचा कोरला गेला. अठराव्या पट्ट्यावरून घरी परतताना स्विल्कन ओढ्यावर एक लहानसा दगडी पूल लागतो. जगभरचे खेळाडू त्यावर उभे राहून छायाचित्र काढून घेतात. तो मुळात गुराख्या-मेंढपाळांनी जनावरे पलीकडे न्यावीत म्हणून बांधलेला, काही शतकांपूर्वीचा. आम्हीही भाचीला सांगून छायाचित्र काढून घेतले. आमच्या मागे आठ-दहा माणसांची रांग होती.

एक जुना नियम वाचून सौ.ना फार हसू आले. बायका मैदानावर कपडे वाळत घालीत आणि चेंडू त्यांवर पडे. तेव्हा चेंडूखालून कपडा ओढून घ्यावा आणि धुण्याची बादली वाटेत असेल तर ती बाजूला करावी, असा स्थानिक नियमच होता. म्हणजे धुणाऱ्या बाईला 'इथून चालती हो' असे म्हणण्याऐवजी खेळाच्या नियमांनी तिला जागा करून दिली.

चेंडू शिवणारे हात

श्रीमंतांच्या खेळामागे नेहमी कोणाचे तरी कष्ट असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोल्फचा चेंडू चामड्याचा असे. भिजवलेल्या चामड्याचे तुकडे शिवायचे, पिशवी उलटी करायची, लहान तोंडातून उकडलेली पिसे लोखंडी काठीने ठासून भरायची आणि तोंड शिवून टाकायचे. एका चेंडूत उंच टोपीभर पिसे जात. चामडे वाळताना आकसते आणि ओली पिसे वाळताना फुगतात, म्हणून चेंडू दगडासारखा घट्ट होई. कसबी कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चार चेंडू होत. पिसांच्या धुळीने त्यांच्या फुप्फुसांचा नाश होई. चेंडू इतका महाग की गरिबाला तो परवडत नसे. चामड्याचे काम कोण करतो आणि चामड्याची वस्तू कोण वापरतो, हा फरक आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

१८४८ च्या सुमारास गट्टापर्चा या मलायाकडून येणाऱ्या झाडाच्या चिकाचा चेंडू निघाला. तो गरम करून साच्यात दाबला की झाले. चेंडू स्वस्त झाला आणि कामकरी माणूसही खेळू लागला. गावचा नामांकित चेंडूकार अॅलन रॉबर्टसन याला मात्र आपला धंदा बुडणार अशी धास्ती वाटली. त्याच्याकडे टॉम मॉरिस हा विणकराचा मुलगा चौदाव्या वर्षापासून काम शिकत होता. टॉम नव्या चेंडूने खेळताना मालकाला दिसला आणि दोघांचे बिनसले. टॉम गाव सोडून प्रेस्टविकला गेला. १८६४ साली 'रॉयल अँड एन्शंट' क्लबने त्याला मैदानप्रमुख म्हणून परत बोलावले, वर्षाला पन्नास पौंड पगारावर. त्याने चार वेळा ब्रिटिश ओपन जिंकली. त्याचा मुलगा, धाकटा टॉम, यानेही चार वेळा जिंकली. तो १८७५ साली ऐन नाताळच्या दिवशी, अवघ्या चोविसाव्या वर्षी वारला. बाप १९०८ पर्यंत जगला. त्या पडक्या चर्चच्या आवारात दोघांच्या कबरी आहेत. आम्ही तिथेही जाऊन आलो.

बंद दारे

मैदान गावाचे, पण पहिल्या पट्ट्याच्या मागे उभी असलेली क्लबची दगडी इमारत गावाची नव्हे. ती १८५४ साली बांधलेली. तिच्या पायऱ्यांपर्यंत कोणीही जावे, आत मात्र सभासदच. गोल्फच्या जगात पोटासाठी खेळणारा व्यावसायिक खेळाडू आणि हौसेसाठी खेळणारा सभ्य गृहस्थ अशा दोन पंक्ती होत्या. पहिल्याने दुसऱ्याच्या पंक्तीला बसायचे नाही.

१९२० साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर डील येथे ब्रिटिश ओपन झाली. तेव्हा व्यावसायिक खेळाडूंना क्लबच्या इमारतीत येण्यास मनाई होती. वॉल्टर हेगन हा अमेरिकन खेळाडू भाड्याची भपकेदार मोटार घेऊन आला, ती त्याने क्लबच्या दारासमोर उभी केली आणि कपडे बदलण्याची खोली म्हणून वापरली. त्याच वर्षी अमेरिकेतील इन्व्हर्नेस क्लबने व्यावसायिकांना दार उघडले. खेळाडूंनी आपसांत वर्गणी काढून त्या क्लबला एक उंच घड्याळ भेट दिले. अपमान लक्षात ठेवावा तसा मानही लक्षात ठेवावा, हे त्यातून दिसते.

याहून कडू गोष्ट दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रकाठची आहे. पापवा सेवगोलम हा डर्बनचा भारतीय वंशाचा माणूस. लहानपणी पिशव्या उचलायचा. काठी धरण्याची त्याची पद्धत सगळ्यांच्या उलट होती, डावा हात उजव्याच्या खाली. कोणी शिकवलेच नाही, तर सरळ कशी येणार? त्याच उलट्या हाताने त्याने १९५९, १९६० आणि १९६४ साली हॉलंडची ओपन स्पर्धा जिंकली. १९६३ साली डर्बन कंट्री क्लब या समुद्राला लागून असलेल्या मैदानावर त्याने गोऱ्या खेळाडूंना मागे टाकून नाताळ ओपन जिंकली. वर्णभेदाच्या कायद्यामुळे बक्षीस घ्यायला त्याला आत येऊ दिले नाही. गोरे खेळाडू छपराखाली होते आणि विजेता बाहेर, पावसात. ते छायाचित्र जगभर छापले गेले. १९६५ साली त्याने गॅरी प्लेअरसारख्या जगज्जेत्याला हरवून तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. लगेच पुढच्या वर्षी सरकारने त्याला अशा स्पर्धांतून बंद केले. १९७८ साली तो गरिबीत वारला. ही हकीकत भाचीने सांगितली तेव्हा सौ. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आपल्या देशातही पिशवी उचलणारा पोरगा पुढे गेल्याचे उदाहरण आहे. दिल्लीचा अली शेर हा मुळात कॅडी. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला आणि १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली.

स्त्रियांसाठी सेंट अँड्र्यूजच्या त्या इमारतीचे दार फार उशिरा उघडले. १७५४ साली स्थापन झालेल्या क्लबने २०१४ साली मतदान घेऊन स्त्रियांना सभासद करण्याचे ठरवले. हिशेब सोपा आहे : दोनशे साठ वर्षे.

आम्ही खेळलो ते 'हिमालय'

आता आमच्या खेळाची गोष्ट. ओल्ड कोर्सला लागूनच, समुद्राच्या बाजूला, उंचसखल हिरवळीचा एक तुकडा आहे. त्यातल्या टेकाडांवरून त्याला 'हिमालयाज' हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकात बाईने खांद्याच्या वर हात नेऊन काठी फिरवणे असभ्य समजत. म्हणून १८६७ साली गावातल्या स्त्रियांनी आपला वेगळा क्लब काढला. चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा, एवढाच खेळ. तो स्त्रियांचा क्लब आजही चालू आहे आणि त्यांच्या सभासदांच्या वेळा सोडून बाकीच्या वेळी थोडे पौंड भरून कोणालाही तिथे खेळता येते. ओळख लागत नाही, अनुभव लागत नाही, विशिष्ट कपडे लागत नाहीत.

सोमवारी दुपारी आम्ही तिघे तिथे गेलो. प्रत्येकाला एक काठी, एक चेंडू, एक पेन्सिल आणि आकडे लिहायला कागद मिळाला. सौ. साडी आणि बूट अशा वेषात होत्या. पहिल्याच भोकाला आमचा चेंडू टेकाड चढला, क्षणभर थांबला आणि आमच्याच पायांशी परत आला. शेजारी खेळणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने हसून खूण केली की चेंडू सरळ भोकाकडे मारू नका, उताराच्या वरच्या अंगाला मारा, तो आपोआप वळेल. आम्ही तिचे ऐकले नाही. सौ.नी ऐकले. वाटण घाटण्याचे मनगट असले की जोर किती लावायचा ते बरोबर कळते, असे त्यांचे म्हणणे.

अठरा भोकांनंतर हिशेब केला. भाचीचे सत्तेचाळीस, सौ.चे बावन्न आणि आमचे एकसष्ट. आम्ही बेरीज दोनदा तपासली. 'मामा, बेरीज बरोबर आहे, फटकेच जास्त आहेत,' भाची म्हणाली. तो कागद सौ.नी घडी करून पर्समध्ये ठेवला. आता तो घरी कपाटाच्या काचेला आतून लावलेला आहे. आलेल्या पाहुण्याला दाखवल्याशिवाय चहा मिळत नाही.

खेळताना पलीकडे ओल्ड कोर्सवर सामने चालू होते. तीनशे पौंडांचा चेंडू आणि आमचा चेंडू एकाच वाऱ्यात भरकटत होते. दोन्ही मैदानांमध्ये भिंत नाही.

जाणाऱ्यांसाठी

आपल्या समाजातील मुले-मुली आता शिष्यवृत्तीवर ब्रिटनमध्ये शिकायला जातात. त्यांना भेटायला जाणाऱ्या पालकांनी स्कॉटलंडपर्यंत मजल गेली तर सेंट अँड्र्यूज जरूर पाहावे. गावात रेल्वे नाही. जुने स्टेशन १९६९ साली बंद झाले. ल्यूखर्स स्टेशनला उतरून बसने जावे. रविवारी गेल्यास ओल्ड कोर्सवरून मनसोक्त चालता येते. नकाशावर मैदान मेंढपाळाच्या वाकड्या काठीसारखे दिसते. जाऊन-येऊन सहा-सात किलोमीटरची चाल होते. भोकांभोवतीच्या हिरवळीवर आणि वाळूच्या खड्ड्यांत पाय ठेवू नये, एवढी काळजी घ्यावी. हिमालयाजवर दुसऱ्या दिवशी खेळावे. वाऱ्यासाठी कानटोपी न्यावी.

आमच्या मनात मात्र तो सशांचा खटला घर करून राहिला आहे. आपल्याकडेही गावोगाव गायरान आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केले, हजारो माणसे तुरुंगात गेली. २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगितले. भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने रीतसर दिलेल्या जमिनींचा त्यात अपवाद ठेवला. म्हणजे आपल्या बाबतीतही सारे अखेर कागदावर येऊन ठेपते. सेंट अँड्र्यूजच्या लोकांकडे १५५२ सालचा कागद होता आणि त्या कागदावरचा हक्क ते रोज पायांनी बजावीत होते. म्हणून कर्जबाजारी नगरपरिषदेलाही त्यांचे मैदान कायमचे विकून टाकता आले नाही.

वाचकांना विनंती एवढीच, की सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्या गावच्या गायरानाचा सातबारा एकदा काढून वाचावा. क्षेत्र किती, इतर हक्कांत काय लिहिले आहे, कसणाऱ्या आपल्या माणसांच्या नावाची नोंद आहे की नाही, हे वहीत उतरवून घ्यावे. आम्ही परत आल्यावर आमच्या गावचा काढला आहे. त्यातल्या दोन नोंदींबद्दल तलाठी कार्यालयात अर्ज दिला आहे आणि त्याची पोच घेऊन ठेवली आहे.